गोळी घेतली, आता बोला

कोल्हारला आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, त्या डॉक्टरांना जगात एकाच गोष्टीची भीती वाटायची. गप्प बसलेल्या माणसाची. विंचू त्यांनी चिमट्यात धरून शांतपणे कुंपणाबाहेर नेऊन सोडलेला मी पाहिला आहे. पण ओट्यावर कोणी दोन मिनिटं काही न बोलता बसला, की यांच्या कपाळावर घाम यायचा.

लढाईचे दिवस होते. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर, आणि मी नुकतीच संसाराला लागलेली. माडीवर आम्ही, खाली डॉक्टरांचा दवाखाना आणि त्याच्या मागच्या खोलीत ते स्वतः, एकटेच. अंगात बारा महिने काळा कोट, खाली धोतर आणि पायात नगरच्या लष्करी बाजारातून आणलेले बूट. कोटाच्या ज्या खिशात बाकीची माणसं तपकिरीची डबी ठेवतात, त्या खिशात यांची सुईची पेटी. ओट्यावर स्पिरिटचा दिवा असे. त्यावर सुई उकळायची, आणि सुई बाहेर काढली की त्याच पाण्यात चहाची पूड पडायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदर तोंडाला लावला. ते म्हणाले, "वहिनी, याहून स्वच्छ पाणी तुम्हाला अख्ख्या तालुक्यात मिळणार नाही." खरंच असेल ते. मी मात्र त्यांचा चहा कधी घेतला नाही.

ओट्यावर एक लांब बाक होतं. डॉक्टरांचं सगळं संशोधन त्या बाकावर चालायचं. सांधे धरले, घोटा सुजला, कंबर लागली की आसपासची माणसं त्यांच्याकडे यायची, कारण त्यांच्याकडे सूज उतरवणारी पांढरी गोळी मिळायची. लोकांना ती देवाचा अंगारा वाटायची. डॉक्टर ती रोग्याच्या तळहातावर ठेवायचे ते निखारा ठेवल्यासारखी. रोग्यानं ती गिळली की म्हणायचे, "गोळी घेतली ना? आता बाकावर बसा आणि बोला."

"काय बोलू?"

"काहीही बोला. नाव सांगा, गाव सांगा, मामाचं गाव सांगा. पण थांबायचं नाही. आवाज द्या!"

यामागे त्यांचा विचार पक्का होता. तो त्यांनी मला जिन्यात उभं करून इतक्या वेळा समजावला की माझ्या हातातली कळशी दर वेळी जड होऊन जायची. ही गोळी बहुतेकांना मानवते, पण एखाद्या माणसाला ती बाधते. कोणाला बाधेल ते आधी कळत नाही. त्याच्या अंगाला खाज सुटते, ओठ सुजतात, मग घसा आतून सुजतो आणि श्वासाची वाट बंद होते. वेळेवर उताऱ्याच्या औषधाची सुई टोचली तर माणूस वाचतो. पण वेळ झाली हे कळणार कसं? घसा सुजायला लागला की आवाज बदलतो. म्हणून माणसानं बोलत राहायचं आणि डॉक्टरांनी ऐकत राहायचं. "सूज उतरवणारी गोळीच सूज चढवते, वहिनी. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. त्या ओळीवर कोणीतरी आयुष्य घालवायला नको का?" असं म्हणून ते माझ्याकडे अशा आशेनं पाहायचे की मला वाटायचं, ते आयुष्य माझंच मागतायत.

बाकावरून उठायची परवानगी मनमाडकडची मोटार गेली की मिळायची. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून त्या मोटारीला मागे कोळशाच्या गॅसचं पिंप जोडलं होतं, आणि ती यायची तेव्हा यायची. तोवर बोलायचं. माणसाजवळ बोलण्यासारखं असतं तरी किती? आधी स्वतःचं दुखणं संपायचं, मग ऊस आणि पाटपाणी संपायचं, मग भावकी निघायची. मोटार लांबली की ज्या गोष्टी घरात उंबऱ्याआडही कोणी बोललं नसतं, त्या भर रस्त्यावर मोठ्या आवाजात बाहेर पडायच्या. बांध कोणी कोरला, कोणाची शेळी कोणाच्या घरी शिजली, सगळं. एका गृहस्थानं गुडघ्याच्या दुखण्यापायी आपलं आणि शेजाऱ्याचं अख्खं भांडण आपणहून मिटवलं, कारण शेजारीच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कंबर धरून बसला होता आणि दोघांनाही थांबायची मुभा नव्हती. गावातली रिकामी माणसं नुसती ऐकायला येऊ लागली. डॉक्टर त्यांना हाकलत नसत. त्यांच्या मते जितके कान तितके बरे.

एकदा माझा आणि यजमानांचा अबोला झाला. कारण आता आठवत नाही, बहुधा सासूबाई असतील. सकाळपासून माडीवर चिडीचूप. मी भांडी आपटत नव्हते, तेही खाकरत नव्हते, अगदी खानदानी अबोला. दुपारी जिन्यात बूट धडधडले आणि डॉक्टर सुई उंच धरून दारात उभे. "कोणी घेतली गोळी? तुम्ही की मास्तर?" आम्ही दोघंही तोंड उघडेनात, कारण आधी बोलेल तो हरणार. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि यांची बाही वर सरकवायला लागले. यजमान किंचाळले, "अहो, भांडलोय आम्ही!" डॉक्टर भिंतीला टेकून मटकन खाली बसले. "मग भांडा ना," ते म्हणाले, "पण मोठ्यानं भांडा." त्या घरात असेतो आम्ही पुन्हा कधी अबोला धरला नाही. परवडण्यासारखा नव्हता तो.

आता समोरच्या दुकानाचं सांगायला हवं. रस्त्याच्या पलीकडे चाचांचं किराणा दुकान होतं. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि गावात कोणाकडे काय शिजतं हे त्यांना शिजायच्या आधी माहीत. डॉक्टरांचे ते जिवलग मित्र आणि त्याच तोलाचे वैरी. कारण पांढरी गोळी चाचांकडेही मिळायची, गुळाच्या ढेपेशेजारच्या बरणीत. तिथं नाव विचारत नसत की गाव, बाकही नव्हतं. गोळी घ्यायची, तांब्याभर पाणी प्यायचं आणि चालू लागायचं. बाकावरच्या बोलण्याला कंटाळलेले लोक हळूहळू रस्ता ओलांडायला लागले होते.

डॉक्टर रोज दुकानासमोर उभे राहून त्याच गोष्टीवर वाद घालायचे. "चाचा, तो माणूस एकटा शेतावर जाईल. वाटेत घसा सुजला तर कोण बघणार?"

"डाक्टरसाब, सूज उतरवनारी गोळी सूज चढवंल कशी? साबन लावून कापड मळतंय व्हय?"

"मळतं. एखादं मळतं."

"मग मला येक मानूस दाखवा. फकस्त येक. ह्या डोळ्यांनी बघतो, आनि बरनी नदीत फेकतो. तुमच्या बाकावर आजपत्तुर कोन मेलंय का? कुनाचं नाक तरी सुजलं?"

इतकी वर्षं बाकावर माणसं बोलली, पण गोळी एकालाही बाधली नव्हती. रोगी खुशाल असल्याचं दुःख झालेला डॉक्टर मी तेवढाच पाहिला. त्यांना कोणाचं वाईट व्हायला नको होतं, पण एक तरी केस हवी होती. चाचांची बरणी बंद करायला दुसरा उपायच नव्हता.

बायकांची वेगळीच पंचाईत होती. एक दिवस अण्णा म्हणून एक भारदस्त शेतकरी आपल्या नव्या सुनेला बैलगाडीतून घेऊन आले. पाय मुरगळून घोटा सुजला होता. पोरीनं गोळी गिळली आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून बाकावर बसली. डॉक्टर म्हणाले, "बोला." पदर हलला नाही.

"ती कशी बोलंल?" अण्णांनी मिशीवर हात ठेवला. "आमी हितं बसलोय न्हवं."

"मग तुम्ही जा."

"आन् सुनंला परक्या ओट्यावर सोडून जाऊ? लई शानं डाक्टर हाय तुमी!"

डॉक्टर येरझाऱ्या घालायला लागले. सासऱ्यासमोर सून बोलत नाही, आणि सासरा सुनेला सोडून जात नाही. बाई घशाला सूज येऊन मरेल, पण मर्यादा राखून मरेल. आणि मग त्यांचं लक्ष मागच्या पडवीतल्या माझ्या जात्याकडे गेलं. जात्यावर बसलेली बाई सासरा दारात असला तरी ओवी म्हणते. त्याला कोणी बोलणं म्हणत नाही. डॉक्टरांनी स्वतः जातं उचलून दवाखान्यात आणलं, माझी ज्वारी माझ्या देखत सुपात ओतली आणि म्हणाले, "अण्णा, सूनबाई दळतील. याला तर हरकत नाही?" अण्णांनी बराच वेळ विचार केला, पण हरकत सापडली नाही.

पोरगी पाय लांब करून दळायला बसली. आधी पुटपुट, मग जात्याची घरघर लागली तसा गळा मोकळा झाला. तिचं माहेर नेवाशाचं. आमच्या गावावरून जाणारी प्रवरा पुढं तिच्या माहेराला जाते, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं.

*पान्या गं परवरंच्या, तुजी वाट न्येवाशाची,*
*सांग माज्या आईला, लेक हाय खुशालीची…*

'खुशालीची' म्हणताना तिचा आवाज फाटला. डॉक्टरांनी झडप घातली. "आवाज बदलला!" असं ओरडत त्यांनी तिच्या दंडात सुई खुपसलीसुद्धा. पोरगी किंचाळली, अण्णा उठले, सूप उलटलं. मी तिचा पदर बाजूला केला. ओठ होते तसेच होते. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या. तिला आईची आठवण आली होती, एवढंच.

अण्णा डॉक्टरांना मारणारच होते. पण रडणाऱ्या सुनेकडे पाहून ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "लगनापासनं एकडाव बी धाडली न्हाई आमी तिला." दुसऱ्या दिवशी तीच गाडी नेवाशाला गेली.

झालं. सुई खाल्ली की माहेर मिळतं, ही बातमी चाचांच्या दुकानातून पंचक्रोशीत पसरली. सुनांचे घोटे धडाधड मुरगळू लागले. माझी ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, सगळं फुकट दळून निघालं. प्रत्येकीचा आवाज दुसऱ्या-तिसऱ्या ओवीला बरोबर फाटायचा. शेवटी डॉक्टरांनी नियम केला आणि पदराआड बघायची कामगिरी माझ्यावर सोपवली. आधी खाज, आधी ओठ, तर गोळी बाधली, सुई द्यायची. आधी डोळ्यांत पाणी आलं तर ते रडणं. सुई नाही. "नियम सोडायचा नाही, वहिनी. नाहीतर शास्त्र आणि तमाशा यांत फरक काय?" तमाशा तर केव्हाचाच उभा राहिला होता, पण तो त्यांना दिसत नव्हता. लोक हसत होते आणि हसत हसत चाचांच्या बरणीकडे जात होते.

एका सकाळी डॉक्टर माडीवर आले. त्यांच्या हातात टोपलीभर वांगी. "वहिनी, सुई टोचायला शिका." मी विचारलं, कोणाला टोचायची आहे? ते म्हणाले, "मला. मला ही गोळी थोडी बाधते. दोनदा घेतली, दोनदा अंगावर पित्त उठलं. तिसऱ्यांदा जास्त होईल असा अंदाज आहे. चाचांना एक माणूस बघायचाय ना? मी दाखवतो."

मी नाही म्हटलं. यजमानांनीही नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, मग सुईशिवाय घेतो. मग काय! मी वांग्यांना टोचत बसले आणि यजमानांनी सुया टोचलेल्या वांग्यांचं भरीत तोंड वाकडं करून खाल्लं.

ठरल्या दिवशी चाचा दुकानाला फळी लावून आले. चेहऱ्यावर हसू होतं, पण पानाचा तोबरा नव्हता, म्हणजे धास्तावले असावेत. डॉक्टर बाकाच्या मधोमध बसले, चाचा शेजारी, मी समोर पाटावर भरलेली सुई घेऊन. डॉक्टरांनी गोळी गिळली. मी म्हटलं, "आता बोला."

आणि काय सांगावं, या माणसाला बोलताच येईना. गावाला बोलतं करणाऱ्या माणसानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं, आणि पुढं काही नाही. एकदा म्हणाले, आज वारा पडलाय. परत गप्प.

"आवाज द्या, डॉक्टर!" मी ओरडले. मी रडण्याच्या बेतात होते.

चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "सांगा की डाक्टरसाब. ह्ये बाकाचं याड तुमाला कुटनं लागलं?"

डॉक्टर रस्त्याकडं बघत बोलायला लागले. तरुणपणी ते काष्टीच्या आठवडे बाजारात औषधांची ट्रंक घेऊन बसायचे. एकदा एक म्हातारा आला. गुडघा सुजलेला, लांबून चालत आलेला. यांनी गोळी दिली. म्हातारा पलीकडच्या लिंबाखाली टेकून बसला. "छान शांत बसला होता. मी मधूनमधून बघत होतो. मला वाटलं, आराम पडला. झोप लागली. मी मनात खूष झालो, चाचा. माझ्या औषधानं माणसाला झोप लागली म्हणून." बाजार उठला, गाड्या जुंपल्या, पालं उतरली. म्हातारा तसाच. जवळ जाऊन पाहिलं तर ओठ सुजून काळे पडलेले. "त्यानं मला हाक मारली असेल. त्याला आवाजच उरला नसेल. सगळी माणसं विचारत होती, कोण हा, कुठला. मी म्हटलं, याचं नाव… त्याचं नाव…"

आणि ते थांबले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नियम स्पष्ट होता. आधी डोळे, म्हणजे रडणं. सुई नाही. चाचा म्हणाले, "थांबा मास्तरीनबाई, रडत्यात ते. रडू द्या." मी थांबले. मग मला दिसलं की त्यांचे तळहात एकमेकांवर घासतायत, करकर, थांबतच नाहीत. खालचा ओठ मघापेक्षा जाड वाटला. वाटला की होता? तोंड हलत होतं, पण शब्द येत नव्हता. रडणाऱ्यालाही शब्द फुटत नाही. नियम हातात, सुई हातात, आणि समोर एक भला माणूस. देवा, त्या क्षणी मला डॉक्टरांचा आणि त्यांच्या शास्त्राचा इतका राग आला! मी डोळे मिटले नाहीत एवढंच. दंडाला वांगं समजून टोचलं.

थोड्या वेळानं त्यांचा श्वास मोकळा झाला. तोवर ओठ आणि पापण्या अशा सुजल्या होत्या की चेहरा ओळखू येत नव्हता. चाचा त्यांचा हात धरून "या अल्ला, या अल्ला" करत होते. डॉक्टरांचा पहिला शब्द फुटला तो घोगरा, मला उद्देशून. "आधी काय?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्या फुगलेल्या पापण्यांआडून माझ्याकडे बघणारी नजर फसवण्यासारखी नव्हती. "आधी पाणी," मी म्हटलं. "मग तळहात. मग ओठ."

"म्हणजे आवाज कशानं गेला, ते सांगता येत नाही." त्यांनी डोळे मिटले. "केस बाद."

"बाद?" चाचा उसळले. "मरता मरता वाचला तुमी, आनि बाद? हे थोबाड बघा की आरशात!"

"थोबाड दिसतंय. पण मी म्हटलं होतं आवाजावरून कळतं. तो रडण्यानंही गेला असेल. शास्त्रात चालत नाही हे."

चाचांनी हळू आवाजात विचारलं, "काय नाव हुतं त्या म्हाताऱ्याचं? सांगत हुता न्हवं तुमी."

डॉक्टर म्हणाले, "नाव नव्हतंच सांगायला. मी विचारलंच नव्हतं त्याला. गोळी दिली आणि पुढच्याला हाक मारली."

मनमाडची मोटार त्या दिवशी आलीच नाही, आणि आम्ही तिघं अंधार पडेपर्यंत त्या बाकावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीच्या खिडकीशी केस विंचरत होते. समोर चाचांच्या दुकानापुढं रॉकेलचे दोन रिकामे डबे आणि त्यांवर एक फळी टाकलेली. बरणी नदीत गेली नव्हती, व्यापारीच तो. पण एक उसाच्या फडाकडं निघालेला गडी गोळी मागत उभा होता, आणि चाचांनी ती मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

"पयलं नाव सांग."

"नाव कशापायी? गोळी द्या की."

"नाव सांग. मग गाव सांग. मग बस हितं, आनि म्या उठ म्हनंस्तवर बोलत ऱ्हा."

गडी डोकं खाजवत फळीवर बसला आणि आपलं नाव सांगू लागला. खाली ओट्यावर डॉक्टर उभे होते. चेहरा अजून सुजलेला, मान खाली, हात कोटाच्या खिशात. ते ऐकत होते आणि अजिबात बोलत नव्हते. मी त्यांना इतकं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. मी फणी टाकून खिडकीतून ओरडले, "डॉक्टर! आवाज द्या!"

त्यांनी वर पाहिलं. आणि भर रस्त्यात, बसलेल्या घोगऱ्या आवाजात, त्यांनी मला आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाचं गाव सांगितलं.